निघताना ती समोर नको

"ही आमच्या स्वयंपाकाच्या मावशींची नात. मदत करते."

वहिनीसाहेब एवढंच म्हणाल्या. हसत म्हणाल्या, गोड आवाजात. पुण्याहून पाहुणे आले होते, मुलींचं वसतिगृह बघायला. दुपारची पंगत बसली होती. माझी स्नेहल आमटीची बादली घेऊन वाढत होती. एक पाय जरा वाकवून, दुसरा ताठ बाजूला काढून, कशीतरी अंग तोलत. पाहुण्यांतल्या एका बाईंनी तिच्याकडं बघून विचारलं, "ही नाही का खेळत?" त्याचं हे उत्तर.

मी भाताचं पातेलं धरून तिथंच उभी. मी ऐकलं. स्नेहलनं पण ऐकलं. तिच्या हातातला डाव थांबला नाही. एका ताटात आमटी पडली, मग पुढच्या ताटात पडली. त्या बाईंच्या वाटीत तर तिनं जास्त नीट वाढली, काठावर थेंब न सांडता. बाई म्हणाल्या, "गुणी आहे हो मुलगी."

गुणी. सातवीपासून ह्या वसतिगृहासाठी खो-खो खेळलेली पोर. कोपर फुटलं, हनुवटी फुटली, तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर. बाई ज्या भिंतीला टेकून बसल्या होत्या त्या भिंतीवरच्या फोटोत ती मधोमध उभी आहे. वहिनीसाहेबांनी मान वर करून बोट दाखवलं असतं तरी झालं असतं.

मला बोलायला येत नाही असं कुणी म्हणणार नाही. सगळं वसतिगृह माझ्या बडबडीला हसायचं. शाळा मी चार बुकांचीच केली, बाकीचं मुलींच्या टाकून दिलेल्या पुस्तकांवरनं शिकले, तेव्हापासून तर तोंड आणखीच सुटलंय. पण त्या दिवशी मी गप भात वाढला.

आम्ही मूळचे कोरेगावकडचे. नवरा गेला, सून गेली, मुलगा ट्रकवर, महिन्यात दोन दिवस घरी. स्नेहल तेवढीशी होती. तिला कडेवर घेऊन मी ह्या वसतिगृहात स्वयंपाकाला आले. कडेगावच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस, मधे मैदान, मैदानाला लागून वसतिगृह. वहिनीसाहेबांच्या सासऱ्यांनी ते बांधलं, आता चालवतात वहिनीसाहेब. आजूबाजूचा ऊस पण त्यांचाच. स्वयंपाकघराच्या मागं एक खोली मिळाली. वहिनीसाहेब पाहुण्यांना नेहमी सांगायच्या, "आमच्याकडे स्वयंपाकाला माणूस घेताना आम्ही जात विचारत नाही." खरं आहे. विचारली नव्हती. पण प्रत्येक पाहुण्याला हे सांगायचं, म्हणजे माहीत होती.

मी ते मनावर घेत नव्हते. पोर शिकत होती, पोटभर खात होती, आणि खेळत होती. तिचा खेळ बघायला मी भाकऱ्या उरकून पळायचे. खो-खोत मैदानाच्या दोन टोकांना खांब असतात. पळणारी पोरगी खांबाला वळसा घालायला बघते आणि पाठलाग करणारी खांबाला धरून सूर मारते, जमिनीला आडवी होऊन नुसतं बोट लावते. स्नेहलचा तो सूर. काय सांगू. आपलीच पोर आणि आपल्यालाच वाटायचं, ही कुणाची गं?

खो-खो शिकवणाऱ्या आमच्या सरांची एक रीत होती. मैदानावर मुली ज्या क्रमानं चौकात बसतात त्याच क्रमानं पंगतीत बसवायच्या. सर म्हणायचे, "शेजारी कोण आहे ते डोळे मिटून कळलं पाहिजे." खांबाजवळची जागा सगळ्यांत भरवशाच्या पोरीची. म्हणून पंगतीतलं पहिलं ताट स्नेहलचं. मी वाढायला निघाले की पहिला घास माझ्या नातीच्या ताटात पडायचा, आणि तो मी दिलेला नसायचा, तिनं मिळवलेला असायचा. हा आनंद मी कुणाला बोलून दाखवला नाही.

साताऱ्याला सामने होते. मुलींना तिखट बाहेरचं नको म्हणून मला पण नेलं होतं. शेवटच्या डावात स्नेहलनं खांबावर सूर मारला. हात पोचला, अंग पोचलं, पाय मात्र मागं मातीत रुतून राहिला. गुडघा आडवा फिरला. आवाज मला ऐकू आला नाही, शिट्ट्या चालू होत्या. तिला आला. मी धावत गेले तर म्हणाली, "आज्जी, आत काईतरी तुटलं गं." रडत नव्हती. डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होती, दुसऱ्याच कुणाचं तरी काही तुटल्यासारखी.

सरांनी गार फवारा मारला. म्हणाले, "काही नाही, मुरगळलाय. उठ. दोन मिनिटं राहिलीत."

उठली. सांगितलेलं करायची सवय. उठली, तीन पावलं पळाली आणि पाय तिच्याखालनं निघून गेला. उभ्या माणसाच्या पायाखालचा पाट ओढावा तसा. सामना गेला. येताना गाडीत कुणी तिच्याशी बोललं नाही. राग नव्हता मुलींना. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. ती आडव्या सीटवर पाय पसरून बसली होती आणि सारखी म्हणत होती, "सॉरी. सॉरी गं." पार वसतिगृह येईपर्यंत.

सांगलीला ऑपरेशन झालं. गुडघ्यातली शीर म्हणतो ना आपण, ते लिगामेंट, ते नवीन बसवलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, फिजिओच्या. तरुणच. त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. "आज्जी, पाय डॉक्टरांनी जोडलाय. वाकवायचा तिनं. रोज, दुखलं तरी. ह्या महिन्यांत वाकला नाही तर ताठच राहील, मग पुढं कितीही केलं तरी अवघड. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आणि तिला एकटी पाडू नका. मैत्रिणींत बसू दे. खेळाडूचा पाय मोडला की पाय नंतर दुखतो, आधी तिला वाटतं आपण कुणीच नाही."

हे मी पदराला गाठ मारल्यासारखं घेऊन आले.

आधी काही दिवस आम्ही कोरेगावला, दिराच्या घरी राहिलो. तिथं बायका भेटायला यायच्या. आपल्याकडं कशी पद्धत, आजाऱ्याला बघायला जायचं, बिस्किटाचा पुडा न्यायचा, केळी न्यायची. येणारी प्रत्येक बाई दारातच चप्पल काढून, पदर तोंडाला लावून, मयताला आल्यासारखी आत येऊन बसायची. स्नेहल कॉटवर, तिच्यासमोर तिचंच सुतक.

"लय वाईट झालं बघा. आता लग्नाचं कसं?"

"पायात खिळा हाय म्हनं. सांगू नगा कुनाला."

"पोरीच्या जातीला खेळ म्हंजे... जाऊ द्या आता."

एकीनं तर तिच्या पायावरनं हात फिरवून दृष्ट काढली आणि मला म्हणाली, "आवं, पाय केवढासा झालाय हो." मांडी खरंच बारीक झाली होती. गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्यात राहून राहून मांस उतरतं, ते बाईंनी सांगितलं होतं, परत भरतं म्हणून. पण ते ऐकल्यापासून स्नेहलनं पायाकडं बघायचं सोडलं. आंघोळीला पाय बादलीमागं लपवायची. आणि संडासचं तर विचारू नका. खाली बसता येत नाही. दिरानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून आणलं. सोळा वर्षांची पोर. दार लावून आत गेली की नळ सोडून ठेवायची, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. पाण्याचा आवाज आणि त्याच्याखाली तो आवाज. मी बाहेर उभी. मी म्हणायचे, "खेळशील गं बाळा. पैल्यासारखी खेळशील." दुसरं मला काय येत होतं?

बिस्किटाचे पुडे तसेच राहिले. एक पण फोडला नाही तिनं.

वसतिगृहात परत आलो तेव्हा मला वाटलं, आता बरं. आता पोरी आहेत, मैदान आहे. पहिल्याच दिवशी पंगतीला मी एक खुर्ची आणि पुढं स्टूल ठेवलं, पहिल्या जागेवर. खाली बसता येत नव्हतं ना. वहिनीसाहेब त्या दिवशी नेमक्या आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज एवढा मऊ, की त्यांना माझी काळजी वाटतेय असंच कुणालाही वाटलं असतं.

"मावशी, खुर्ची नको. बाकीच्या मुलींच्या मनावर परिणाम होतो. समोर बघून त्यांना भीती बसते, मग सूर मारायला कचरतात. मी वाचलंय ह्यावर."

मी म्हटलं, "मग तिनं जेवायचं कुठं?"

"तुमच्या खोलीत जेवू दे की. घरच आहे तिचं. आणि रिकामी बसवू नका हं. तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात घ्या. कामात मन रमतं."

बघा. फिजिओच्या बाई म्हणाल्या मैत्रिणींत बसवा. ह्या म्हणाल्या, मैत्रिणींना भीती वाटते, बाजूला ठेवा. दोघी मनाचंच बोलत होत्या. एकीनं माझ्या पोरीचं मन बघितलं. दुसरीनं बाकीच्यांचं बघितलं, आणि माझ्या पोरीला मन आहे हेच मोजलं नाही.

मी ऐकलं कुणाचं? जिच्या खोलीत राहत होते तिचं.

तर स्नेहल स्वयंपाकघरात आली. आधी कणीक मळायला, बसून करायचं काम. मग भाज्या. मग एक बाई कामावर आली नाही, म्हणून वाढायला. ज्यांच्या शेजारी बसून जेवली त्यांनाच वाढायचं. पहिल्या ताटावर आता तनुजा बसायची. तनुजा वाईट नव्हती. स्नेहल वाढायला आली की ती ताटाकडं बघायची, वर बघायची नाही. बाकीच्यांनी आधी थोडे दिवस "स्नेहू, कसं हाय गं?" विचारलं. मग विचारणं थांबलं. पंगत सरकून बसली. जागा राहत नाही कुणाची.

मैदानावर शिट्टी वाजली की इकडं भाकरी थापताना तिची मांडी थरथरायची. मी डोळ्यांनी बघितलंय. मन नव्हे, मांडी. एकदा तनुजानं लय चांगला सूर मारला असणार, बाहेर टाळ्या वाजल्या. स्नेहल पोळपाटावर नुसती बोटं दाबत बसली. मग म्हणाली, "आज्जी, मला वाटलं ती पडावी."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"खरंच वाटलं. पडावी आनि तिचा पन तुटावा. मी लय वंगाळ हाय गं."

"न्हाईस तू वंगाळ."

"तुला काय म्हाईत. रोज वाटतंय मला."

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी पिठाचा हात तसाच तिच्या गालाला लावला. तिनं तो बाजूला केला. त्या वयात आईनं माया केली तरी लाज वाटते, मी तर आज्जी. पण एवढं असूनही ती व्यायाम करत होती. ते मला सांगितलंच पाहिजे. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्यायची, गुडघा दाबायचा. टाच मागं ओढायची, जितकी येईल तितकी, मग थोडी आणखी. ओठ चावून करायची. मोजायची मोठ्यानं. मला वाटायचं, जोवर मोजतेय तोवर पोर आहे माझी.

आणि मग तो पाहुण्यांचा दिवस आला. स्वयंपाकाच्या मावशींची नात. मदत करते.

त्या दिवसापासून मोजणं बंद. मी टॉवेल गुंडाळून दिला, तिनं उलगडून दांडीवर टाकला. पट्टा काढून कॉटखाली सारला.

"वाकव की गं."

"कशाला?"

"बाई काय म्हनल्या? ताठ ऱ्हाईल म्हनल्या का न्हाई?"

"वाढायला लागतंय तेवढं वाकतंय."

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. हिशोब सांगितल्यासारखं म्हणाली. मग म्हणाली, "तू पन काय बोलली न्हाईस तितं. म्हंजे खरंच हाय ते."

मी खूप केलं मग. ओरडले, लाडीगोडी लावली, देवाची शपथ घातली. सरांना जाऊन सांगितलं. सर चांगला माणूस, पण पगार वहिनीसाहेबांच्या हातात. म्हणाले, "मावशी, मी बोलतो." बोलले नाहीत. पोर कामापुरतं काम करायची, उरलेला वेळ भिंतीकडं तोंड. जेवण दोन घास. कुणी हाक मारली की "काय?" एवढंच. पाय रोज थोडा थोडा लाकूड होत होता आणि माझ्या समोर होत होता.

मोठ्या सामन्यांना संघ निघायचा दिवस आला. वसतिगृहाची एक पद्धत आहे. संघ निघायच्या आधी पुरणपोळीची पंगत, आणि पंगतीत बसलेल्या प्रत्येक मुलीला वहिनीसाहेब औक्षण करतात. कुंकू, अक्षता, निरांजन. त्यात एक मेख आहे. संघातनं जी मुलगी आजारपणानं, परीक्षेनं मागं राहते, तिला पण पाटावर बसवून ओवाळतात. ती जात नाही, तरी तिचं पण ओवाळणं होतं. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. मागल्या वर्षी एका पोरीला कांजिण्या आल्या होत्या, तिला लांबून ओवाळलं होतं. मी स्वतः निरांजन धरून दिलं होतं.

म्हणून मी स्नेहलला सकाळी न्हायला घातलं. धुतलेला ड्रेस काढून दिला. ती म्हणाली, "मला न्हाई बोलवनार." मी म्हटलं, "बोलवतात. रीत हाय." तिनं केस विंचरले. आठवडाभरानं विंचरले. आरशात बघितलं नाही, पण विंचरले. म्हणजे तिच्या मनात कुठंतरी होतं. हेच मला अजून सोसत नाही.

ताटं मांडली. मुली बसल्या. पहिल्या पाटावर तनुजा. मी एक खुर्ची आणून शेवटी ठेवली, अगदी शेवटी, दाराजवळ. स्नेहल माझ्या मागं उभी होती. वहिनीसाहेब तबक घेऊन आल्या, खुर्ची बघितली, आणि तबक सरांच्या हातात देऊन माझ्याजवळ आल्या.

"मावशी, तिला खोलीत थांबायला सांगा."

"रीत हाय की आपली. मागं ऱ्हानारीला पन—"

"हो, पण हे वेगळं आहे. निघताना ती समोर नको."

"का?"

"माझ्या मनात काही नाही हो. पण मुलींच्या मनात येतं."

"काय येतं?"

मी सगळ्या पंगतीकडं वळले आणि मुलींना विचारलं, "काय येतं गं तुमच्या मनात?" कुणी वर बघेना. तनुजा अर्धी उठली. काय म्हणणार होती ते तिलाच ठाऊक. सर म्हणाले, "तनुजा, बस." ती बसली.

मग वहिनीसाहेब हळूच म्हणाल्या, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. "लंगडं माणूस बघून निघू नये, मावशी. तुम्हाला माहीत नाही का?"

इतके महिने मनावर परिणाम, भीती बसते, मी वाचलंय. आणि आत हे होतं. शकुन. सगळी पुस्तकं सोलून काढली तर आत हेच.

मी पुरणपोळीचं ताट खाली ठेवलं. म्हटलं, "वैनीसाब, ही लंगडी तुमच्या खांबावर झालीय. माझ्या चुलीवर न्हाई. आधी हिला ओवाळा. मग मी वाढते. न्हाईतर आज हितं कोन जेवनार न्हाई."

आजवर त्यांच्यासमोर माझा आवाज कधी असा निघाला नव्हता. मला वाटलं होतं छाती फुटेल. काही फुटलं नाही. उलट पाय जमिनीवर आहेत असं वाटलं, लय दिवसांनी.

मी मागं वळून स्नेहलला म्हटलं, "ये, बस खुर्चीवर."

ती बसली नाही.

दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पांढरीफटक. सगळ्या पोरी तिच्याकडं बघत होत्या, आता वर मान करून. म्हणाली, "आज्जी, नगं. चल." मी म्हटलं, "बस तू." ती वळली आणि निघून गेली. ताठ पाय ओढत, भिंतीला हात लावत, तो सगळा व्हरांडा. पळून जायचं होतं तिला आणि पळता येत नव्हतं. ते सगळ्यांनी बघितलं. मी पण.

खोलीत गेले तर म्हणाली, "त्यांनी एकदा शोभा केली. तू आनि एकदा केलीस. मला इचारलंस व्हय? मला बसायचं होतं का तितं?"

तिचं बरोबर होतं. मी नाही म्हटलं ते माझ्यासाठी म्हटलं होतं. मला ते म्हणायचंच होतं, आणि परत वेळ आली तर परत म्हणेन. पण तिची जागा तिची होती. ती खुर्ची मी मांडून भरायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितली. तोंडानं नाही. वॉचमन कुलूप घेऊन आला.

आता आम्ही सांगलीत राहतो. गणपती पेठेच्या मागं एक खोली. मी एका मेसला चपात्या लाटते. फिजिओच्या बाईंनी स्नेहलचा पाय वाकवून बघितला, परत एकदा वाकवून बघितला. मग म्हणाल्या, "मधले दिवस गेले, आज्जी. आता येईल तेवढा येईल. पूर्ण येईल असं मी नाही सांगणार." स्नेहलनं हे ऐकलं. बाहेर आल्यावर रिक्षास्टँडच्या कट्ट्यावर बसली आणि सगळ्यांसमोर रडली. नळ नव्हता तिथं सोडायला. येणारे-जाणारे बघत होते. मी पहिल्यांदाच तिला गप केलं नाही.

आणि मी तिला खेळशील म्हणायचं सोडलं. खोटं आहे, ते तिला कळत होतं, आणि आपली आज्जी पण खोटं बोलतेय म्हणून ती आणखी एकटी पडत होती. परवा तिनं स्वतःच विचारलं, "मी परत खेळनार न्हाई ना गं?" मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाई. न्हाई बी खेळनार कदाचित." तिनं पायावरची चादर बाजूला केली. मग म्हणाली, "टावेल दे." टाच ओढायला लागली तशी डोळ्यांतनं पाणी. मी म्हटलं, "रड. पन वाकव." रोज एवढंच म्हणते आता. कधी वाकवते. कधी टॉवेल फेकून देते माझ्या अंगावर. ज्या दिवशी फेकते त्या दिवशी मी उचलते आणि तिथंच ठेवते, तिच्या हाताशी. बरी झाली असं मी लिहिणार नाही. ती बरी झालेली नाही. शाळेच्या मैदानावरनं शिट्टी ऐकू आली की ती अजून खिडकी लावून घेते.

रविवारी वसतिगृहात मुलींचे आईबाप भेटायला येतात. लांबून लांबून येतात, डबे घेऊन, सणासुदीचे कपडे घालून. मी रविवारी मेसची सुट्टी घेते, एसटी धरते आणि त्या गेटासमोर जाऊन बसते. आत जात नाही. रस्ता सरकारी आहे. येणाऱ्या प्रत्येक आईला मी थांबवते. म्हणते, "बाई, तुजी पोर पळतीय तवर समदं गोड हाय. आत जाऊन एक इचार. पोर पडली तर तिला कुटं बसवनार? आनि उत्तर सगळ्यांसमोर घे, एकटीला बाजूला घेऊन सांगत्याल ते घेऊ नगं." काही जणी मला वेडी समजून पुढं जातात. काही थांबतात. गेल्या खेपेला एका बापानं मला हाताला धरून विचारलं, "मावशी, माझ्या पोरीचा घोटा सुजलाय, ती सांगत न्हाई, ते ह्याच भ्यानं व्हय?" मी म्हटलं, "तिला आजच्या आज घरी न्या."

एकदा गेटाशी वहिनीसाहेबांची गाडी थांबली. काच खाली झाली.

"मावशी, हे बरं दिसत नाही."

"न दिसू द्या."

"तुम्हाला काय पाहिजे? कामावर परत यायचंय का? या. पोरीला पण आणा, लहान मुलींना सांभाळेल."

"मला तुमच्याकडनं कायबी नगं. मी तुमच्याशी बोलायला बसलेली न्हाई हितं."

काच वर झाली. गाडी आत गेली. वॉचमन येऊन म्हणाला, "आवं मावशी, उठा की. माझी नोकरी जाईल." मी त्याला म्हटलं, तुझी नोकरी गेली तर त्यांना विचार, मला नाही. तो उन्हात उभा राहिला, मी उन्हात बसले.

येत्या रविवारी पण मी तिथं असणार. पाऊस असला तरी. एकटी असले तरी.